न घेतलेल्या तासांबद्दल

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मी कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, शिकवायचो. शिकवायचो असं लिहिलं खरं, पण ते तपासून बघायला हवं. वेळापत्रकात त्या विषयापुढे माझं नाव होतं. वर्षाअखेरीला विषय-शिक्षक म्हणून सही माझी असायची. त्या अर्थाने शिकवायचो.

कॉलेज मीरा रोडला, मी राहायला भाईंदरला, जेसल पार्कात. पहिला तास सकाळी सातचा. नोकरीची बरीच वर्षं मी तो नीट घेतला. पावसात भिजून गेलो, तापात गेलो. हे सांगतोय ते बचाव म्हणून नाही. मला तास घेता येत होता आणि घ्यायची सवयही होती, तरी मी तो सोडला, एवढं कळावं म्हणून.

सुरुवात मूल्यांकन समितीपासून झाली. बाहेरून समिती येऊन कॉलेजला श्रेणी देणार होती. प्राचार्यांनी आम्हा चौघांना बोलावून सांगितलं, "तासांचं नंतर बघू. आधी फायली." मग एक सबंध सत्र आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून फायली तयार केल्या. आमच्या कॉलेजात किती उत्तम शिकवतात याचे कागद करण्यासाठी आम्ही शिकवणं बंद केलं होतं. तेव्हा यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. समिती आली, जेवली, श्रेणी देऊन गेली. फायली कपाटात गेल्या आणि मी वर्गात परत जायला हवं होतं.

गेलोही थोडे दिवस. मग एका सकाळी उठायला उशीर झाला आणि गेलो नाही. कुणी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या गच्चीचं गळतीचं काम निघालं. मी सोसायटीचा सचिव होतो. तेव्हाही कुणी विचारलं नाही. कुणी विचारत नाही हे एकदा कळलं की कारणं लागेनाशी होतात.

जेसल पार्कच्या मागे खाडीच्या कडेला सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक गट होता. कुणी बँकेतून निवृत्त, कुणाचं कापडाचं दुकान मुलाकडे गेलेलं. नोकरीत असलेला त्यात मी एकटाच. सहाला फिरून बाकावर बसलो की हवा छान असायची, बगळे यायचे, गप्पा रंगायच्या. पावणेसातला मी फोन काढायचो आणि वर्ग-प्रतिनिधीला मेसेज टाकायचो, "आज तास नाही." कापडवाले भाई म्हणायचे, "प्रोफेसरसाहेब, तुमची नोकरी एकदम मस्त छे. आमचं शटर तर रोज उघडावंच लागे."

मीही हसायचो.

स्टाफरूममध्ये मी एकटाच असा नव्हतो. फळ्यावर "लेक्चर ऑफ" हे शब्द इतके कायमचे असत की वरचा विषय तेवढा बदलायचा. "पोरंच येत नाहीत हो, शिकवायचं कुणाला," असं आम्ही म्हणायचो. "सरच येत नाहीत, बसायचं कशाला," असं पोरं म्हणायची. दोन्ही खरं होतं, आणि सुरुवात कुणी केली हे आम्हाला चांगलं माहीत होतं. शेजारच्या टेबलावरच्या अर्थशास्त्राच्या मॅडम एकदा माझ्या कप्प्यात हात घालून म्हणाल्या, "तुमचा डस्टर नेते हं. तुमचा कसा नेहमी स्वच्छ असतो."

आता त्या मुलीबद्दल. हे सगळं तिच्यासाठीच लिहितोय.

ती त्या वर्षी वर्गाची प्रतिनिधी होती. राई-मुर्ध्याच्या बाजूच्या एका गावातली. आजोबांचं मिठाचं आगर होतं. आगर गेलं, वडील रेती-विटांचा धंदा करू लागले. घरातली कॉलेजला जाणारी ती पहिलीच. सातच्या तासाला पोचायचं तर उजाडायच्या आत घर सोडावं लागायचं, बसने स्टेशनपर्यंत आणि तिथून पुढे. माझा मेसेज तिला वाटेतच मिळायचा. एकदा तिने मला जिन्यात गाठलं.

"सर, मेसेज जरा लवकर टाकाल का? साडेपाचला टाकलात तर मी इतक्या लवकर निघणारच नाही."

"अगं, साडेपाचला मलाच कुठे माहीत असतं?"

ती हसली. माझा विनोद जमला असं मला वाटलं.

पुढचा तास दोन तासांनी असायचा. लांबून आलेली मुलं घरी परत जाऊ शकत नव्हती. कॅन्टीनमध्ये बसून तरी किती बसणार. तर ही मुलगी फळ्यावर गणितं सोडवायला लागली. आधी दोघी-तिघींसाठी, मग निम्मा वर्ग बसायला लागला. मला ते शिपायाकडून कळलं. "सर, तुमची पोरगी मस्त शिकवते. आवाज खालपर्यंत येतो."

मला सुटल्यासारखं झालं. मी तिला बोलावून शाबासकी दिली. "छान करतेस. तूच घेत जा. तुझाही सराव होईल." माझं काम मी तिच्या गळ्यात घातलं आणि त्याला उत्तेजन म्हणालो. त्या दिवसापासून माझ्या मेसेजमधले शब्द बदलले. "आज तास नाही" ऐवजी "आज तू घे."

एकदा मी कॉलेजात होतो आणि तिचा तास चालू होता. मी दाराबाहेर थांबून ऐकलं. फळ्यावर कारखान्याचं उदाहरण होतं, पण ती बोलत होती आगराबद्दल. खाडीचं पाणी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडतात, प्रत्येक वाफ्यात खर्च चढतो आणि शेवटच्या वाफ्यात मीठ हाती येतं. प्रोसेस कॉस्टिंग म्हणजे हेच, एका टप्प्याचा माल पुढच्या टप्प्यात. इतकं सोपं मी कधी सांगितलं नव्हतं. नया नगरहून येणारा एक मुलगा उठून म्हणाला, "अरे, ये नमकवाला सम एक बार फिर से समझा दे."

"पहले बैठ तो सही," ती म्हणाली. "खड़े-खड़े नमक नहीं बनता."

वर्ग हसला. मी आत न जाता चहा प्यायला गेलो.

त्याच धड्यात पुढे एक अवघड जागा आहे. माल तयार होताना थोडा वाया जातोच. ते आधीच धरलेलं असतं आणि त्याला भंगाराचा भाव लावतात. पण धरलेल्यापेक्षा जास्त वाया गेला, म्हणजे निष्काळजीपणाने किंवा अपघाताने, तर त्या जास्तीच्या मालाला भंगाराचा भाव लावायचा नसतो. चांगल्या मालाचा पूर्ण भाव लावून ते नुकसान, म्हणजे अ‍ॅबनॉर्मल लॉस, वेगळं दाखवायचं. दोन भाव का, हे मुलांना नेहमी कोड्यात टाकतं. नीट सांगितलं तर पंधरा मिनिटांत कळतं.

ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिच्या हातात पुस्तक उघडंच होतं.

"सर, हा अ‍ॅबनॉर्मल लॉस मला कळत नाहीये. एका खात्यात एक भाव धरलाय, दुसऱ्यात दुसरा. हा एवढा भाग तुम्ही घ्याल का? पुढचं मी..." ती थांबली. पुढचंही माझंच काम होतं हे तिला बोलता बोलता आठवलं असावं.

"गुरुवारी येतो," मी म्हणालो.

"नक्की ना, सर? मी सगळ्यांना बोलावते मग."

"अगं, येतो म्हटलं ना."

त्या गुरुवारी मला काही काम नव्हतं. मी आजारी नव्हतो, घरात कुणी आजारी नव्हतं. थंडीचे दिवस होते. भाईंनी गरम फाफडा-जिलेबी मागवली होती. फाफडा अजून यायचा होता आणि सगळे म्हणत होते, बसा हो, रोजचंच आहे कॉलेज. मी फोन काढला आणि लिहिलं, "आज तू घे."

लगेच उत्तर आलं. "सर, आजचं मला येत नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं. सगळे आलेत."

मी ते वाचलं. "पुस्तकातली उदाहरणं सोडव, सोपं आहे," असं लिहून फोन खिशात टाकला. फाफडा आला.

तिने तो भाग शिकवला. पुस्तक कळलं नाही म्हणून लहानपणी घरच्या आगरात पाहिलेल्या गोष्टीचा आधार घेतला. आगरात मातीत मिसळलेलं, काळं पडलेलं मीठ वेगळं काढतात आणि ते सगळं एकाच कवडीमोल भावाने जातं. त्यातलं किती खराब होणार हे आधी धरलेलं होतं आणि किती कुणाच्या चुकीने झालं, असा हिशेब तिथे कुणी करत नाही. म्हणून तिने दोन्ही नुकसानांना एकच भाव लावला आणि लक्षात राहावं म्हणून फळ्यावर एक ओळ लिहून दिली, "ऑल स्पॉइल्ड गुड्स, वन रेट." वर्गाने ती वहीत उतरवून घेतली. त्यांचा तिच्यावर विश्वास होता. त्यांच्यासाठी दुसरं कुणी आलंच नव्हतं.

परीक्षेत त्यावरच मोठा प्रश्न आला. त्या वर्षी प्राचार्यांनी नवा नियम केला होता, आपल्या वर्गाचे पेपर आपण तपासायचे नाहीत. माझ्या वर्गाचा गठ्ठा नुकत्याच लागलेल्या एका तरुण सरांकडे गेला. त्यांनी पाच-सहा पेपर पाहिले आणि थबकले. प्रत्येकाचं उत्तर चुकीचं, आणि अगदी एकाच प्रकारे चुकीचं. शिवाय खाली तीच ओळ, जी कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांनी गठ्ठा तसाच उचलला आणि प्राचार्यांकडे नेला. सामूहिक कॉपी असं प्रकरण उभं राहिलं. त्या तरुण सरांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

चौकशी समितीने आधी मला बोलावलं. अध्यक्ष एक ज्येष्ठ मॅडम होत्या. त्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. "सर, हे तुम्ही असं शिकवलंय का?"

हो म्हणालो असतो तर तीस वर्षं कॉस्टिंग शिकवणाऱ्या माणसाला कॉस्टिंग येत नाही, असं ठरलं असतं. नाही म्हणालो असतो तर मुलांनी कॉपी केली, असं ठरलं असतं. खरं उत्तर तिसरंच होतं. मी म्हणालो, "मी असं शिकवीन का, मॅडम?"

सगळे हसले. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. मी तसं शिकवलं नव्हतंच.

मग मुलांना एकेकाला आत बोलावलं. मला शेजारच्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. माफीनाम्यावर सही करा, या एका विषयाची परीक्षा पुन्हा घेऊ आणि प्रकरण इथेच मिटवू, असं प्रत्येकाला सांगितलं. मुलं घाबरली होती. सगळ्यांनी सह्या केल्या. नया नगरच्या त्या मुलाने सही करताना माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पंख्याकडे पाहत होतो.

ती शेवटी आली. तिने सही केली नाही.

"मी कॉपी केलेली नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही केली. मी वर्गात हे असं शिकवलं होतं. माझं चुकलं. त्यांनी मी सांगितलं तसं लिहिलं."

"तू शिकवलंस?" मॅडम म्हणाल्या. "मग सर काय करत होते?"

तिच्या मुठीत फोन होता. त्यात माझे सगळे मेसेज होते. त्या गुरुवारचाही. तिने फोन उचलला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "सरांना विचारा ना."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "एखादा तास मी हिला घ्यायला सांगितला असेल, सरावासाठी. अभ्यासक्रम मी पूर्ण केलेला आहे. सत्राअखेरीला तसं लिहूनही दिलंय."

लिहून दिलं होतंच. सगळेच देतात. सत्र संपलं की छापील कागद येतो, आपण खाली सही करतो.

ती फोन मुठीत तसाच धरून बाहेर गेली. बाकीच्यांची फेरपरीक्षा झाली. कॉपी कबूल न करता उलट शिक्षकावर ढकलते म्हणून तिची सगळी परीक्षा रद्द झाली आणि वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती आली नाही.

मधे एकदा तिचे वडील कॉलेजात आले होते. शिपाई आत येऊन म्हणाला, त्या मुलीचे वडील आलेत, तुम्हालाच भेटायचंय म्हणतात. मी म्हणालो, "सांग, सर नाहीत." त्यावर कुणाचाही विश्वास बसण्यासारखा होता. मी मागच्या जिन्याने खाली उतरलो. लांबून त्यांची पाठ दिसली. चपला बाहेर काढून, स्टाफरूमच्या दाराकडे तोंड करून उभे होते.

मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. विद्यार्थिप्रिय असा शब्द कुणीतरी वापरला. घरी येऊन मी शाल कपाटात ठेवली, आणि त्यानंतर फिरायला जाणं हळूहळू बंद केलं. बायकोने कारण विचारलं. गुडघे, असं सांगितलं.

मी तिला शोधलं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी शोधलं नाही. यंदा सोसायटीचं लेखापरीक्षण नव्या माणसाकडे दिलं, त्याच्या भाईंदर पश्चिमेच्या ऑफिसात कागद घेऊन गेलो, तर समोरच्या टेबलापाशी ती बसली होती. चष्मा लागला होता. मी ओळखायच्या आधी तिने मला ओळखलं.

"या सर. बसा. कुठली सोसायटी?"

कागद चाळून झाले. मी उठलो नाही. तिने वर पाहिलं.

"आणखी काही राहिलंय का?"

"तेव्हा मी खोटं बोललो," मी म्हणालो.

"माहीत आहे, सर. मी तिथेच होते."

"तू मेसेज का नाही दाखवलेस?"

तिने पेनचं टोपण लावलं. "मला वाटलं, तुम्ही बोलाल. तुम्ही समोर बसला होतात ना. म्हटलं, सरांना एक मिनिट देऊ. आणि मग तुम्ही जे बोललात ते बोललात. त्यानंतर मेसेज दाखवायचे म्हणजे... मला लाज वाटली. तुमचीच."

डिग्री तिने नंतर बाहेरून पूर्ण केली होती. मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "माझी मागून काय उपयोग? मी कॉपी केली नाही हे मला माहीतच होतं. आप्पांना सांगा. त्यांना आजवर खरं वाटलेलं नाही." आप्पा म्हणजे तिचे वडील.

एका शनिवारी दुपारी मी तिच्या घरी गेलो. ती मला नाक्यावर घ्यायला आली होती. आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मागे विटांचा ढीग. ती म्हणाली, "आप्पा, हे कालेजचे सर."

"वलखतो," ते म्हणाले. "मी गेलतो तवा नव्हते."

"होतो," मी म्हणालो. "आतच होतो. नाही म्हणून सांगायला लावलं."

त्यांनी मला बसायला सांगितलं. मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. बाकावरचं, मेसेजचं, गुरुवारचं, समितीपुढचं. मधे त्यांनी एकदाही थांबवलं नाही. मी संपवल्यावर त्यांनी विटांकडे पाहिलं.

"मंजे पोरगी खरं बोलत व्हती."

"हो."

ते तिच्याकडे वळले. "बाय, तू बोललीस तवा मी ऐकलं न्हाय."

"न्हाय ऐकलंत," ती म्हणाली आणि चहा आणायला आत गेली. रडणं वगैरे काही झालं नाही. आप्पांनी नुसतं डोक्यावरचं फडकं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"मास्तरानं लिवून दिलंय, मंग पोरीचं कसं खरं मानू," ते मला म्हणाले. भांडणाचा सूर नव्हता. मला समजावून सांगत होते. "आता मना एकल्याला सांगून भागाचा न्हाय. गावात समद्यांना ठावं हाय का पोरगी कापी करताना धरली. आयतवारी देवलात गावकी बसते. तिथं या आन सांगा."

गावकी म्हणजे त्यांच्या गावाची बैठक. घरटी एक माणूस येतो, देवळाचं, रस्त्याचं, भांडणतंट्याचं तिथे बोलतात. तिथे चारचौघांत बोललेलं गाव धरून चालतं.

"येतो," मी म्हणालो.

आतून तिचा आवाज आला. "आप्पा, सर येतो म्हणाले म्हणजे येतातच असं न्हाय. गाडी पाठवा घ्यायला."

गाडी पाठवावी लागली नाही. रविवारी मी इतका लवकर पोचलो की देवळात झाडू मारणाऱ्या बाईंशिवाय कुणी नव्हतं. मग एकेक माणूस आला. आधी देवळाच्या कर्ण्याचा विषय निघाला, मग रस्त्यात उभ्या राहणाऱ्या डंपरांचा. त्यानंतर आप्पा म्हणाले, "या मास्तरांना बोलाचंय."

मी उभा राहिलो. वर्गात उभा राहायचो तसाच, खांबाला एक हात लावून. सांगितलं. कॉस्टिंगचं गावकीला काय सांगणार, म्हणून एवढंच म्हणालो की शिकवायचं काम माझं होतं, मी जात नव्हतो, हिने शिकवलं, एक गोष्ट तिला येत नव्हती म्हणून तिने मला बोलावलं, मी गेलो नाही, आणि नंतर तिच्यावर आळ आला तेव्हा गप्प बसलो.

एक तरुण म्हणाला, "मंजे सर, तुमी कालेजला जातच नवते?"

"जायचो. वर्गात जायचो नाही."

"मंग जाऊन कराचं काय?"

"बसायचो."

कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "आमी पन हितं रोज बसतो. आमाला कोन सर म्हनत न्हाय."

सगळे हसले. मी हसलो नाही, आणि मला वाईटही वाटलं नाही. ते बरोबर होतं. आप्पा उठून म्हणाले, "ऐकलं ना समद्यांनी?" माना हलल्या. मग पुन्हा कर्ण्याचा विषय सुरू झाला.

ती आली नव्हती. ऑफिसात काम आहे म्हणाली होती. मला रिक्षापर्यंत सोडायला येताना आप्पांनी आणखी एक सांगितलं. कॉलेजात असताना संध्याकाळी याच देवळाच्या ओट्यावर ती गावातल्या मुलींना हिशेब शिकवायची. त्या प्रकरणानंतर तिने ते सोडलं. पुतणीने काही विचारलं तरी सांगत नाही, पुस्तक हातात देते. "आता तुमी बोला तिला. तुमचं ऐकंल," ते म्हणाले. माझं तिने का ऐकावं हे मला कळलं नाही, पण मी बरं म्हणालो.

सोमवारी ऑफिसात गेलो.

"आलात म्हणे काल," ती म्हणाली.

"आलो. आप्पा म्हणत होते, तू पुन्हा शिकवायला..."

"नाही, सर." तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. मग आवाज खाली आणला, कारण बाजूला एक गिऱ्हाईक होतं. "मला येतं सगळं. कदाचित आता तुमच्यापेक्षा जास्त येतं. पण कुणाला काही सांगायला तोंड उघडलं की ती सगळी दिसतात, सहीसाठी रांगेत उभी राहिलेली. माझ्या भरवशावर लिहिलं होतं त्यांनी. त्यातले काही अजून भेटतात, बोलतात चांगलं. पण त्यांना वाटतं, हिने आम्हाला अडकवलं. खरं काय ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. तुम्ही गावकीत सांगितलंत, बरं केलंत. आप्पा रात्री जेवले नीट. पण वर्ग काही गावकीत नव्हता."

मी तिच्याकडे त्या मुलांचे नंबर मागितले. काही तिच्याकडे होते, बरेच नव्हते. दोघांशी मी फोनवर बोललो आहे. नया नगरचा मुलगा आता दुबईला असतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "सर, इतने साल बाद? चलो, ठीक है. उसको बोलना मैं फोन करूँगा." त्याने केला की नाही, मी विचारलेलं नाही.

बाकीचे कुठे कुठे आहेत मला माहीत नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी एवढं वाचावं. तुम्ही कॉपी केली नव्हती. तुम्हाला तिने अडकवलं नाही. जे तिला येत नव्हतं ते मला येत होतं, तिने मला बोलावलं होतं आणि मी येतो म्हणालो होतो. मी खाडीवर बसून होतो.